बिनतारी कळ

ज्या काळ्या मातीने यवतमाळ जिल्ह्याला कापूस दिला, त्याच मातीने येथील चाकांना पिढ्यान्‌पिढ्या जेरीस आणले आहे. आणि या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, हे ज्याने आषाढातल्या एखाद्या पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखलात उभे राहून गाडी काढण्याची खटपट केली असेल, त्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. बेसाल्टाच्या खडकाची झीज होऊन बनलेली ही माती पाणी प्याली की फुगते आणि वैशाखात वाळली की तिला मनगट आत जाईल अशा भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा तिचा जो गुण कापसाला पावसाच्या खंडातही तग धरायला लावतो, तोच चाकाच्या वाट्याला आला म्हणजे चाक जितके फिरावे तितके खाली जाते. बंडीचा काळ होता तेव्हा शेजारच्या वावरातील बैलांची दुसरी जोडी आणून जुंपली की काम भागत असे. पुढे ट्रॅक्टरला साखळी लावून टोचन करण्याचा शिरस्ता पडला. परंतु रुतलेल्याला ओढायला गेलेला ट्रॅक्टर स्वतःच मागच्या चाकांवर बसला आणि मग दोघांना काढायला तिसरा बोलवावा लागला, असे प्रसंग या भागात दर पावसाळ्यात घडतात. विंचेचे, म्हणजे विजेच्या मोटरीने ढोलावर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचे, महत्त्व नेमके येथे आहे. तिच्यात ओढणारी गाडी टणक जागी स्थिर उभी राहते, चाकांना काही करावे लागत नाही, आणि हालतो तो केवळ दोर.

पांढरकवड्याहून दक्षिणेस पैनगंगेकडे जाणाऱ्या महामार्गालगत मोटारींच्या विजेचे काम करीत माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. सेल्फ, डायनामो, हेडलाईट, हॉर्न हे माझे नित्याचे. विंच मात्र माझ्या हाती बऱ्याच उशिरा आली. वणीकडच्या कोळसा-खाणींवर कामे घेणारे ठेकेदार, झरी-जामणी आणि घाटंजीच्या बाजूचे मोठे शेतकरी यांनी आपापल्या जीपांना पुढील बंपरच्या मागे विंचा बसवून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांची वायरिंग करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. टिपेश्वरच्या जंगलालगत ज्यांची वावरे आहेत, त्यांच्या दृष्टीने हा हौसेचा प्रश्न नाही. १४८ चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्याची हद्द वाघाला ठाऊक नसते, आणि दिवस मावळल्यावर गाडी रुतली तर ती लौकर निघणे ही त्या माणसांची खरीखुरी निकड असते.

जीपला जी विंच साधारणपणे लावतात, तिची ओढ ९५०० पौंड, म्हणजे सुमारे ४३०० किलो, अशी लिहिलेली असते. ही ओढ ढोलावर दोराचा पहिलाच थर असतानाची आहे, थर चढत गेले की ती घटत जाते, ही गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो आणि विकत घेणारा क्वचितच विचारतो. पुरत्या ओढीला तिची मोटर ४०० अँपिअरच्या घरात प्रवाह खाते. हेडलाईटचा एक दिवा जेमतेम ५ अँपिअर घेतो हे ध्यानात घेतले, म्हणजे बॅटरीवर त्या क्षणी काय गुदरते याची कल्पना येईल. इंजिन चालू असले तरी अल्टरनेटरची ताकद या मागणीपुढे तोकडी पडते व भार बॅटरीलाच वाहावा लागतो. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलीतसुद्धा एवढा प्रवाह वाहू लागला की दर मीटरला सुमारे ०.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो; सबब केबल आखूड हवी, तिची थिंबले दाबयंत्राने घट्ट बसवलेली हवीत, आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर हवे. हे सारे मी प्रत्येकाला सांगतो आणि यात तडजोड करीत नाही.

आता बिनतारी रिमोटचे प्रयोजन. विंचेबरोबर जी हातकळ मिळते, तिची वायर साडेतीन-चार मीटरांची असते. तेवढ्या लांबीत माणसाला जीपच्या तोंडापाशीच उभे राहावे लागते, आणि तीच जागा सर्वांत वाईट आहे. ताणलेला पोलादी दोर तुटला, किंवा त्याच्या टोकाचे हूक निसटले, तर त्यात साठलेली सारी शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि तो ज्या रेषेत ताणलेला होता त्याच रेषेने मागे फिरतो. दोराच्या रेषेत उभे राहू नये, ताणलेला दोर ओलांडू नये, दोरावर मध्यभागी ओले पोते टाकावे म्हणजे तुटलाच तर तो उसळणार नाही, हे नियम क्रेनवरचा अडाणी खलाशीसुद्धा जाणतो. परंतु हातातली वायरच आखूड असेल तर पहिला नियम पाळावा कसा? शिवाय बंपरपाशी उभ्या असलेल्या माणसाला दोराचे दुसरे टोक, जेथे खरे काय ते घडत असते, नीट दिसतही नाही. बिनतारी रिमोटने त्याला वीस-पंचवीस पावले बाजूला जाण्याची मुभा मिळते. माझ्या मते या यंत्राचा सारा मोठेपणा एवढ्यातच आहे. बाकी सोय वगैरे गोष्टी दुय्यम होत.

तारेवाचून दूरची क्रिया घडवून आणण्याची कल्पना आपल्या देशाला परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्-लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून तेथली घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. माझ्या लहानपणी घरातल्या साध्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. आज तीच बिनतारी विद्या किल्लीच्या जुडग्याला लटकते आणि कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नाही. ही सवयच धोक्याची आहे, असे मला विंचेच्या बिनतारी रिमोटच्या संचाची पेटी पहिल्यांदा उघडून पाहताना वाटले होते, आणि पुढे जे घडले त्याने माझ्या मताला पुष्टीच मिळाली.

घाटंजीकडचे एक वयस्क शेतकरी आपली जुनी जीप घेऊन माझ्याकडे आले. विंच त्यांनी आधीच बसवून घेतली होती. रिमोटचा संच बाहेरून मागवलेला होता. पेटीत दोन रिमोट, एक काडेपेटीहून थोडी मोठी ग्राहक-पेटी (रिसीव्हर), तिच्यातून निघालेल्या चार वायरी आणि एक लोंबती पातळ तार, एवढाच ऐवज. मी ग्राहक-पेटीचे झाकण काढले, आणि आतल्या पट्टीवर एक छोटीशी टोपी तीन टाचण्यांपैकी दोहोंवर बसवलेली दिसली. ती टोपी कोठे आहे यावर त्या पेटीची वर्तणूक ठरते. एका जागी असताना रिमोटची कळ दाबून धरली तेवढाच वेळ प्रवाह वाहतो. दुसऱ्या जागी असताना एकदा दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. हा संच मुळात फाटकासाठी, दिव्यासाठी, पंपासाठी चालणारा सर्वसाधारण संच होता, आणि टोपी दुसऱ्या जागी होती. ती पहिल्या जागी बसवण्याचे काम नखाने होण्यासारखे. परंतु मी ते करीत असता काकांनी हरकत घेतली.

“मिस्त्री, येक डाव दाबलं का चालू राहाले पायजे. मोटरपंपाले हाय ना तसं. बटन धरून कोन उभं राहीन?”

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. विदर्भात शेतीची वीज पाळीपाळीने आणि पुष्कळदा रात्रीच मिळते. अंधारात विहिरीपर्यंत जाणे, त्यात साप, विंचू आणि आता वाघ, यांच्या भयाने शेतकऱ्यांनी मोबाईलवर चालणारे स्टार्टर बसवून घेतले, आणि घरी खाटेवर पडल्या-पडल्या पंप चालू करण्याची वहिवाट पडली. ज्या वस्तूने माणसाचा जीव वाचवला, तिचीच रीत त्याने दुसऱ्या वस्तूला लावावी यात दोष कसला? परंतु पंप आणि विंच यांच्यात एक मूलभूत अंतर आहे. पंप चालू ठेवून माणूस झोपी गेला तरी यंत्र आपले पाणी उपसत राहते. विंच मात्र क्षणभरसुद्धा तिच्या भरवशावर सोडता येत नाही, कारण तिला पलीकडे काय अडकले आहे ते कळत नाही. दोर संपला, हूक ढोलावर येऊन आदळले, मध्ये कोणाचा हात आला, तरी ती ओढीतच राहणार. तिच्या चालण्याला कोणा तरी जिवंत माणसाची प्रत्येक क्षणाला संमती हवी, आणि ती संमती काढून घेण्यास काही करावे लागता कामा नये. नुसता अंगठा सैल झाला, माणूस घसरून पडला, घाबरला, रिमोट हातातून सुटला, तरी यंत्र आपोआप थांबले पाहिजे.

मी काकांना म्हटले, “काका, पंप बंद कराचा इसरला तं पानी वाया जाईन. हे इसरलं तं मानूस जाईन. तसं मी बसवून देनार नाही.”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग जीपच्या पायरीवर बसून त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, “बरं, तुमच्या मनानं करा.” मग ती टोपी मी पहिल्या जागी बसवली, आणि ती पुन्हा कोणाला सहज हलवता येऊ नये म्हणून तिच्यावर सिलिकॉनचा थेंब सोडला.

जोडणीचे काम ज्यांनी केलेले नाही त्यांना ते फार गूढ वाटते. वस्तुतः त्याचा आशय साधा आहे. विंचेच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे मोटरीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चापांच्या, पेटीत जाड केबलींखेरीज दोन बारीक वायरी असतात. एकीला बारा व्होल्ट दिले की दोर आत येतो, दुसरीला दिले की बाहेर जातो. हातकळ एवढेच करते, आणि ग्राहक-पेटीतील दोन रिले हेच करतात. कोणती वायर कशाची, हे रंगावरून ठरवू नये. विंचेचा क्लच सोडून ढोल मोकळा करावा, म्हणजे मोटर फिरली तरी दोर हालत नाही, आणि मग बारा व्होल्टच्या तारेच्या टोकाने एकेका वायरीला स्पर्श करून मोटर कोणत्या दिशेने घुमते ते पाहावे. येथवर कोणीही येतो. अडचण पुढे आहे.

संचाबरोबरच्या कागदावर हातकळ काढून टाकून तिच्या जागी ग्राहक-पेटी जोडण्याचे सुचवलेले असते. ते मला मान्य नाही. रिमोटचा सेल ऐन वेळी बसला, पेटीत पाणी गेले, रिमोट चिखलात हरवला, तर हातकळ हाताशी असलीच पाहिजे. म्हणून दोन्ही ठेवायच्या. परंतु दोन्ही एकत्र जोडून ठेवल्या तर एक माणूस हातकळीने “आत” म्हणतो आहे आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या रिमोटवरून “बाहेर” गेले, असे घडू शकते. नव्या धाटणीच्या पुष्कळ सोलेनॉइड-पेट्यांत दोन्ही बाजू एकदम ओढल्या जाऊ नयेत अशी तजवीज असते. जुन्या विंचांत मात्र चार सुटी सोलेनॉइडे असतात, आणि त्यांच्या दोन्ही जोड्या एकदम लागल्या तर बॅटरीच्या दोन टोकांत सरळ शॉर्ट होतो. काकांची विंच जुन्या धाटणीची होती. यावर उपाय म्हणून मी मध्ये एक टू-वे स्विच घातला: दांडी डावीकडे असता प्रवाह फक्त हातकळीला, उजवीकडे असता फक्त ग्राहक-पेटीला, आणि मध्ये असता कोणालाच नाही. त्यामुळे दोन हुकूम एकाच वेळी सुटण्याचा संभवच उरला नाही. शिवाय गाडी अंगणात उभी असताना ग्राहक-पेटी बॅटरीतून थेंब-थेंब खात बसत नाही, आणि लहान मुलाने घरातून रिमोट दाबला तरी काही घडत नाही.

आणखी एक बारकावा. सोलेनॉइडची गुंडाळी बंद होताना उलटा झटका देते. हातकळीच्या दणकट स्विचला त्याचे काही वाटत नाही, परंतु ग्राहक-पेटीतील नाजूक रिलेचे टोक त्या ठिणगीने हळूहळू जळते आणि एखादे दिवशी चिकटून बसते. म्हणून प्रत्येक गुंडाळीच्या दोन टोकांत मी १एन४००७ क्रमांकाचा डायोड डाग देऊन बसवला, पट्टीचे टोक धन बाजूकडे. त्याची किंमत चहापेक्षा कमी आहे, आणि तो उलटा बसवला तर फ्यूज तात्काळ उडतो. तेव्हा हाताखालच्या पोराकडून मी तो स्वतः समोर उभा राहून बसवून घेतो.

परंतु लहान रिलेचे टोक सांभाळले म्हणून मोठ्या सोलेनॉइडचे सुटते असे नाही. बॅटरी दमली की सोलेनॉइडचा चाप दुबळा पडतो. तो धड लागत नाही, धड सुटत नाही, तडतडतो, आणि त्या तडतडीत तांब्याची टोके वितळून एकजीव होऊ शकतात. मग अंगठा उचला, रिमोट फेकून द्या, काही उपयोग नाही. विंच ओढीतच राहते. या एका संभवासाठी बॅटरी आणि विंच यांच्यामधील जाड केबलीवर हाताने फिरवायचा कट-ऑफ असलाच पाहिजे, आणि तो बॉनेटखाली दडवलेला नसावा; बाजूने चालत येणाऱ्या माणसाच्या हाताला, दोराच्या रेषेत न शिरता, लागेल असा असावा. जीपच्या डाव्या मडगार्डला आतून पत्रा जोडून मी तो बसवला. बिनतारी यंत्राला थांबवण्याचा शेवटचा अखत्यार बिनतारी ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि कट-ऑफ नको म्हणणाऱ्याचे काम मी परत पाठवतो.

ग्राहक-पेटी कोठे ठेवावी याचाही विचार करावा लागतो. तो संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा होता, आणि त्या लहरीला पुरी पडणारी तार सुमारे १७ सेंटिमीटर लांब, सरळ आणि लोखंडापासून दूर हवी. पुष्कळ ठिकाणी तीच तार नीटनेटकेपणाच्या हौसेने गुंडाळून, टेप मारून, लोखंडी पेटीत कोंबलेली आढळते. मग दहा पावलांवर रिमोट चालेनासा झाला की गिऱ्हाईक रिमोटला दोष देते. मी पेटी काचेखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीत, तोंड खाली करून बसवली, तार उभी सोडली, आणि वायरींना पेटीत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोळातून गळून पडते. वायरींवर प्लॅस्टिकची नळी चढवली, कारण पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात.

परीक्षा मी कधी गॅरेजच्या फरशीवर घेत नाही. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता, आणि काकांच्याच गावाबाहेरच्या पांदणीत कापसाने भरलेली ट्रॉली एका अंगाने आसापर्यंत रुतली होती. जीप टणक मुरमावर उभी केली, चाकांना दगड लावले, मागचा हूक रुंद पट्ट्याने कडुनिंबाच्या बुंध्याला बांधला. सालीवर नागडा दोर कधी गुंडाळू नये, झाडही जाते आणि दोरही. ट्रॉलीच्या दांडीला कप्पी अडकवून दोर परत जीपकडे आणला, म्हणजे ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि मोटरवरचा भार निम्म्यावर येतो. दोरावर भिजवलेले पोते टाकले, जमलेल्या पोरांना बांधापलीकडे हुसकले, इंजिनाची गती थोडी वाढवून ठेवली, आणि मी रिमोट घेऊन बाजूच्या तुरीच्या वावरात, जेथून जीप आणि ट्रॉली दोन्ही दिसतील अशा जागी, जाऊन उभा राहिलो.

दोर ताणला गेला, चिखलाने ट्रॉलीचे चाक सोडताना मोठा आवाज केला, आणि त्याच वेळी मला दिसले की दांडीचे जुने वेल्डिंग कप्पीच्या बाजूला उलू लागले आहे. केसाएवढी चीर होती. गंजक्या लोखंडाच्या मधोमध ताज्या धातूची एक पांढरी रेघ. अंगठा उचलला, दोर जागच्या जागी थांबला. जीपच्या तोंडाशी हातकळ घेऊन उभा असतो तर ती रेघ मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आणि दांडी सुटली असती तर कप्पी, हूक व लोखंडाचा तुकडा असे सारे मिळून ज्या दिशेने आले असते, त्याच दिशेला माझी छाती असती. दोर सैल करून कप्पी ट्रॉलीच्या चॅसिसला घेतली आणि पुन्हा ओढले. मध्यंतरी बॅटरी इतकी खाली गेली की ग्राहक-पेटीचा हिरवा दिवा विझला आणि दोर आपोआप थांबला. इंजिन दोन मिनिटे तसेच चालू ठेवल्यावर दिवा परत लागला. टोपी पहिल्या जागी होती म्हणून प्रवाह परतला तरी विंच स्वतःहून सुरू झाली नाही. अंगठ्याची वाट पाहत राहिली. हे पाहिल्यावर मात्र काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

लोकांना विंच हाती आली की अतर्क्य धाडस सुचते, त्याचाही बंदोबस्त सांगण्यातूनच करावा लागतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून पुराचे पाणी वाहत असता एस.टी.ची बस वाहून गेली आणि माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले तेव्हा हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. वाहत्या पाण्यात विंचेचा, दोराचा आणि रिमोटचा काही उपयोग नाही. पाणी उतरेपर्यंत थांबणे एवढेच करण्यासारखे असते. कायद्याचीही हयगय करू नये. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि पुढे बुलबार ठोकण्यावर केंद्र सरकारने २०१७ सालीच ताकीद दिली आहे. म्हणून बंपरच्या बाहेर लोखंडी जंजाळ उभारून त्यावर विंच बसवा म्हणणाऱ्यांना मी आधी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात दरखास्त करून या, असे सांगतो.

जीप नेण्याच्या दिवशी काकांचा मुलगा सोबत आला होता. पेटीत रिमोट दोन आहेत, तर एक त्याच्याकडे आणि एक वडिलांकडे असावा, अशी त्याची मागणी होती. एका दोरावर दोन अंगठे असू नयेत हे काकांनीच त्याला माझ्या अगोदर सांगितले. ग्राहक-पेटीची स्मृती पुसून तिला मी एकच रिमोट ओळखायला लावला. दुसऱ्याचा सेल काढून तो हातकळीबरोबर चालकाच्या आसनाखालच्या डब्यात ठेवला, आणि मृगाच्या आधी सेल बदलून, कट-ऑफ चारदा फिरवून, दोर पुरता उलगडून पाहण्यासाठी गाडी परत आणावी असे बिलाच्या पाठीमागे लिहून दिले. ती गाडी तेव्हापासून दर वर्षी रोहिणी नक्षत्रातच माझ्याकडे येते.